उत्तर कसब्यातला वाडा मंडळाकडे आला आहे : माळवद राखायचं की स्लॅब टाकायचा?

बाळीवेस

मंडळी,

आपल्या इतिहास मंडळाकडे सोलापूरच्या उत्तर कसब्यातला एक वाडा देखभालीसाठी आला आहे. घराण्याचं नाव इथे लिहीत नाही, वारसांची तशी विनंती आहे. जुन्या कसबेकरांना वर्णनावरून वाडा ओळखू येईल, त्यांनीही कृपया नाव टाकू नये.

वाडा दोन चौकी. दिंडी दरवाज्यातून आत गेलं की पहिला चौक व्यवहाराचा. उजव्या सोप्यात, म्हणजे ओसरीत, पेढी होती, गादी-तक्क्यांची जागा अजून ओळखू येते. मागचा चौक घरच्यांचा. तिथे आड, माजघर, देवघर आणि भिंतीत चिणलेलं धान्याचं बळद. खांब सागवानी, घडीव तळखड्यांवर उभे. भिंती दगड-मातीच्या, दोन हातांपेक्षा जास्त रुंद. वर सगळीकडे माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा थर दिलेलं सपाट छप्पर. माजघरातल्या सान्यातून, म्हणजे छपरातल्या झरोक्यातून, दुपारी उजेडाचा जो झोत खाली येतो तो बघितल्यावर या घराला खिडक्या इतक्या कमी का हे विचारावंसं वाटत नाही.

घराणं सुताच्या व्यापारातलं. 1877 मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आपली जुनी मिल उभी राहिली आणि गावातला सुताचा व्यवहार वाढत गेला. या पेढीची भरभराट त्याच काळातली. घरात बोलणं कानडी, हिशेब मोडीत, गिऱ्हाईक बहुतेक तेलुगू. यापेक्षा सोलापुरी घर कोणतं असणार?

आता अडचण. माजघरावरचं माळवद गेल्या पावसाळ्यात गळलं. एका तुळईचं भिंतीतलं टोक कुजलं आहे, खाली सध्या टेकू लावलाय. एक दाते पुढे आले आहेत. माळवद उतरवून पूर्ण मागच्या चौकावर आरसीसी स्लॅब टाकायचा सगळा खर्च ते द्यायला तयार आहेत. त्यांचा हेतू शंभर टक्के चांगला आहे, यात शंका नको. मंडळाच्या बैठकीत मात्र मतं अर्धी-अर्धी पडली.

माझं मत सांगून टाकतो. माळवद राहिलं पाहिजे. स्लॅब टाकला की सानं जाईल, कडीपाट (आतून दिसणारं लाकडी छत) जाईल, आणि उरेल ते जुन्या भिंतींचं एक नवं घर. पण मृगाच्या आत काहीतरी ठरवणं भाग आहे. जाणकारांनी लिहा.

सातरस्ता

मी बैठकीत स्लॅबच्या बाजूने होतो, म्हणून इथेही लिहितो.

माळवद कुणाला नको आहे? माझंही बालपण माळवदाखाली गेलं. पण माळवद हे काम एकदा करून संपत नाही, ते दरवर्षी मागे लागतं. उन्हाळा संपता संपता माती, उतार नीट करणं, पन्हाळी मोकळ्या करणं, पावसात वर चढून फटी बुजवणं, उगवलेलं गवत उपटणं. घरात चार कर्ती माणसं राहायची तेव्हा हे होत होतं. वाड्यात आज कोण राहतं? कुणीच नाही. मंडळाचे सभासद बहुतेक साठीच्या पुढचे. दोन वर्षं माती पडली नाही की माळवद खाली येईल आणि मग खांबही जातील, बळदही जाईल. स्लॅबने निदान खालचं सगळं वाचेल.

मला वाडा वाचवायचा आहे. म्हणून स्लॅब म्हणतो.

चुनावाळू

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो, म्हणून थोडं सविस्तर.

सातरस्ता यांचा मुद्दा खरा आहे आणि त्याचं उत्तर दिल्याशिवाय माळवद माळवद म्हणण्यात अर्थ नाही. पण स्लॅबने खालचं वाचेल हे मला मान्य नाही.

या भिंती मातीत रचलेल्या आहेत. बाहेरून एक थर दगड, आतून एक थर, मध्ये भर. अशा भिंतीला थोडं हलायची, थोडं बसायची सवय असते. खाली काळी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि भिंत तिच्याबरोबर जरा जरा हलत राहते. माळवदाच्या तुळया सुट्या असल्याने त्या हे सहन करतात. स्लॅब एकसंध आणि ताठ. तो टाकायचा तर भिंतीचा माथा तोडून काँक्रीटची पट्टी भरावी लागते, आणि माथा तोडताना मातीतलं बांधकाम किती खालपर्यंत सुटेल हे आधी सांगता येत नाही.

दुसरं, स्लॅबच्या मागोमाग सिमेंटचा गिलावा येतोच. जमिनीतली ओल भिंतीत चढते. मातीच्या किंवा चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर पडून वाळून जाते. सिमेंटने वाट बंद केली की ओल आणखी वर चढते, सोबत क्षार आणते, लोणा लागतो, गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. सगळ्यात वाईट म्हणजे ही ओल तुळईच्या टोकापर्यंत पोचते. बाळीवेस, एक बघून सांगा : कुजलेलं टोक ज्या भिंतीत आहे तिच्या बाहेरच्या बाजूला कधी सिमेंट मारलं आहे का?

बाळीवेस

आत्ताच जाऊन बघून आलो. हो. बोळाकडच्या बाजूने छातीएवढ्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा आहे, त्याच्या वरच्या कडेला पांढरा लोणा फुटलाय. बाकीच्या तीन भिंतींना मातीचाच गिलावा, आणि त्यांच्यातल्या तुळया ठणठणीत आहेत.

चुनावाळू

मग दुखणं कुठे आहे ते कळलं. तो गिलावा आधी काढा. छिन्नी-हातोडीने, हळू. ब्रेकर लावू देऊ नका. भिंत एक उन्हाळा उघडी वाळू द्या.

उमरगेकर

धागा वाचतोय. मी लिहिलेलं काहींना आवडणार नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून लोक दमून झोपलेले. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या भागातली हजारो माणसं गेली ती जमिनीच्या हादऱ्याने नाही, वरचं माळवद आणि बाजूचे दगड अंगावर आल्याने गेली. झोपेतच गाडली गेली. त्यानंतर आमच्याकडे कितीतरी लोकांनी शाबूत माळवदं स्वतःच्या हाताने उतरवली आणि पत्रे टाकले. उन्हाळ्यात भाजून निघाले, पण पत्र्याखाली झोप लागायची.

तुमच्या वाड्यात उद्या शाळेची पोरं येणार, व्याख्यानाला माणसं बसणार. माळवद सुंदर असतं हे मला माहीत आहे. त्याच्याखाली बसणाऱ्याची जबाबदारी कोण घेणार ते आधी सांगा.

सातरस्ता

उमरगेकर, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. सोलापुरातही त्या रात्री आम्ही सगळे रस्त्यावर आलो होतो.

चुनावाळू

उमरगेकर, तुमचा प्रश्न पहिला. बाकी सगळं त्याच्या नंतर.

किल्लारीच्या वेळी माळवदं इतकी जीवघेणी का ठरली याची दोन मोठी कारणं. एक म्हणजे वजन. दरवर्षी जुनी माती न खरवडता वर नवी टाकत गेलं की पिढ्यान्‌पिढ्यांचे थर साठतात. बाळीवेस यांनी मला फोटो पाठवले, माजघरावर जवळपास दोन फूट माती आहे. खोली 12 बाय 15 फूट. म्हणजे वर सोळा टनांच्या आसपास वजन, आणि पावसात भिजलं की त्याहून जास्त. तीच माती सहा इंचांवर आणली तर चार टन राहतं. तुलनेसाठी, तेवढ्याच खोलीवर पाच इंची स्लॅब टाकला तर सव्वापाच टन होतो, वरचा कोबा वेगळा. तेव्हा आजच्या माळवदापेक्षा स्लॅब हलका हे खरं, पण नीट राखलेल्या माळवदापेक्षा तो जड आहे.

दुसरं कारण भिंती. आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधलेले नसले की हादऱ्यात भिंत मधून फाटते, एक थर आत कोसळतो, एक बाहेर. भूकंपानंतर मराठवाड्यात उभ्या घरांच्या मजबुतीचे जे उपाय सुचवले गेले त्यात हेच होतं : माळवदावरची माती कमी करा आणि भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार बांधणी घाला. दगड काढून त्या भोकात सळई घालून काँक्रीट भरतात, दोन्ही थर एकमेकांना धरून राहतात. कोपरे लोखंडी जाळीने बांधतात. तुळया भिंतीशी आणि एकमेकींशी जखडतात. भिंतीच्या आत, दिसणार नाही अशा ठिकाणी हे करण्याला माझा अजिबात विरोध नाही. सिमेंट वाईट नसतं, ओलीची वाट अडवतं तिथे ते वाईट.

हे झाल्याशिवाय आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी दिल्याशिवाय माजघरात एकही कार्यक्रम घेऊ नका. पहिला चौक उघडा आहे, तोवर तिथे बसा.

कुजलेल्या तुळईबद्दल : अख्खी बदलू नका. खराब टोक कापून जुन्याच सागाचा जोड द्यायचा, दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट. भिंतीत टोक बसवताना भोवती वारा खेळायला बोटभर जागा ठेवायची. गवंडी ती भरून टाकायला बघतात, तिथे उभं राहा.

सिटीसर्व्हे

नगर भूमापन खात्यातून निवृत्त. तुळयांबद्दल मला काही कळत नाही, कागदाबद्दल विचारतो. वाडा मंडळाकडे "आला आहे" म्हणजे नेमकं काय?

बाळीवेस

वारसांपैकी थोरल्यांनी सहीचं पत्र दिलं आहे. सगळ्यांची तोंडी संमती आहे. काही पुण्यात, काही हैदराबादला, एक अमेरिकेत.

सिटीसर्व्हे

साहेब, मग आत्ता एक रुपयाही माळवदावर घालू नका.

मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा आणि तिच्यावर कुणाचं नाव आहे बघा. माझा अंदाज, दोन पिढ्यांपूर्वीचं असणार. आधी वारस नोंद. मग घरच्यांनी ठरवायचं : ज्यांना वाटा नको त्यांचं हक्कसोडपत्र, किंवा सगळ्यांनी मिळून मंडळाला बक्षीसपत्र, किंवा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा. तिन्ही कागद नोंदणीकृतच लागतात. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवला नाही तर कोर्टात त्याचा आधार मिळत नाही. अमेरिकेतल्यांचं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून मागवा. त्याला वेळ जातो, तेव्हा आजच कळवा.

मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं असेल तर मालमत्ता मिळाल्यापासून 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज गेला पाहिजे. एकदा ती न्यासाच्या नावावर चढली की धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विश्वस्तांना ती विकता येत नाही, तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्यानेही देता येत नाही. हे बंधन वारसांना आवर्जून समजावून सांगा. बक्षीसपत्राला लोक कचरतात ते "उद्या मंडळवाल्यांनीच विकलं तर?" या भीतीने. तिचं उत्तर कायद्यातच आहे.

मी कसब्यातल्या अशा बऱ्याच मिळकतींचे नकाशे हाताळले आहेत. वाडे पावसाने कमी पडतात, वाटणीच्या दाव्याने जास्त. दावा लागला की कुणीच हात लावत नाही आणि मग माती आपलं काम करते.

साखरपेठ

माझे पणजोबा तेलंगणातून सोलापुरात आले. घरी दोन हातमाग. बाळीवेस, तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून मला वाडा ओळखू आला, कारण पणजोबा याच पेढीवरून सूत उचलायचे. सूत उधारीवर घ्यायचं, लुगडी विणून आणायची, त्यातून सुताचे पैसे वळते करून उरलेली मजुरी घ्यायची. मंदीत काही उरायचं नाही. आजी सांगायची, त्या दिंडी दरवाज्यातून आत जाताना पणजोबा चपला बाहेर काढून हातात घ्यायचे.

मी हे राग म्हणून सांगत नाही. याच घराने प्लेगच्या काळात आमच्या गल्लीतल्या लोकांना धान्य दिलं, हेही आजीनेच सांगितलं. पण वाड्यात उद्या तक्ता लागेल तेव्हा त्यावर फक्त घराण्याची वंशावळ नको. त्या गादीसमोर उभ्या राहिलेल्या माणसांचीही गोष्ट तिथे हवी. खातेवह्या राहिल्या असतील तर त्यात आमची नावं आहेत. सोलापूरच्या मागवाल्यांनी स्वतः लिहून ठेवलेलं फार थोडं आहे. आमचा इतिहास सावकाराच्या वहीत आहे.

बाळीवेस

वह्या आहेत. बळदाशेजारच्या कोठीत लाल फडक्यांत बांधलेले रुमाल, म्हणजे वह्या-कागदांचे गठ्ठे आहेत, अजून सोडलेले नाहीत. तुमची पोस्ट मी वारसांना वाचून दाखवली. थोरल्या काकू म्हणाल्या, "त्यांना घेऊन या, वही त्यांच्यासमोरच उघडू."

मोडीवाचक

उघडण्याआधी थोडं ऐका.

रुमाल कोठीतून एकदम उन्हात नेऊ नका. सावलीत, वारा आहे अशा खोलीत, जमिनीपासून वर फळीवर ठेवा. कोणता रुमाल कुठल्या क्रमाने होता ते आधी लिहा आणि फोटो काढा, मग गाठ सोडा. क्रम हीसुद्धा माहिती असते. सुट्या कागदावर शाईने आकडे घालू नका, शिसपेन्सिल वापरा. सेलोटेप नको. लॅमिनेशन तर मुळीच नको, अनेक घरांतल्या सनदांचं मी लॅमिनेशन झालेलं पाहिलंय आणि ते काढता येत नाही. चिकटलेली पानं ओढू नका. कसर असेल तर तो गठ्ठा वेगळा ठेवा.

वाचनाचं म्हणाल तर व्यापारी मोडी सरकारी मोडीपेक्षा अवघड. आकडे, वजनं, सुताच्या नंबरांच्या खुणा त्या त्या पेढीच्या असतात. सुरुवातीला एकाच वर्षाची रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची वही) आणि खतावणी (खातेवार वही) शेजारी ठेवून वाचा, खुणा आपोआप उलगडतात. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचं काम 1910 पासून अशाच घरोघरच्या दप्तरांवर उभं राहिलं. घरात पडलेला कागद हाच मुळात इतिहासाचा कच्चा माल.

साखरपेठ यांच्या मुद्द्यात एक भर. वहीत कर्जदारांची नावं आहेत, त्यांची पतवंडं आज याच गावात आहेत. फोटो सरसकट नेटवर चढवू नका. वाचा, सूची करा, ज्यांच्या घरचं आहे त्यांना आधी दाखवा.

सातरस्ता

चुनावाळू यांचं गणित वाचून स्लॅबचा हट्ट सोडतो. पण माझा मूळ प्रश्न उभाच आहे. दरवर्षी कोण करणार?

सोलापुरातली तीन घरं डोळ्यांसमोर आणा. अप्पासाहेब वारदांचं इंद्रभुवन टिकलं, कारण तिथे महापालिकेचा कारभार आला. रोज माणसांची ये-जा आहे, म्हणून गळती लपत नाही. भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर स्मारक म्हणून राखलं गेलं. 1938 मध्ये चीनला गेलेला आणि 1942 मध्ये तिथेच देह ठेवलेला हा डॉक्टर दोन देशांना आपला वाटतो, त्यामुळे त्या घराला लोक शोधत येतात. आणि तिसरा आपल्या कसब्यातलाच हिरेहब्बू वाडा. दर संक्रांतीच्या सुमाराला गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेत सातही नंदीध्वज (मिरवणुकीतल्या मानाच्या उंच काठ्या) तिथून निघून 68 लिंगांच्या तैलाभिषेकाला जातात. त्या वाड्याला कुणी संग्रहालय करायची गरज नाही, परंपरेनेच तो जागा ठेवलाय.

आपल्या वाड्याला यातलं काहीच नाही. कचेरी नाही, जगप्रसिद्ध माणूस नाही, नंदीध्वज नाही. सुताचा व्यापार करणारं एक घर. म्हणून रोजचा वापर आपणच निर्माण करायला हवा. माझी सूचना : पहिल्या चौकातला सोपा अभ्यासिकेला द्या. कसब्यात, साखर पेठेत, शुक्रवार पेठेत एका खोलीत पाच-सहा जण राहणारी घरं आहेत, पोरांना वाचायला जागा नाही. पोरं रोज येतील, वर डाग पडला की त्याच दिवशी सांगतील. मेमध्ये बाहेर पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा त्या जाड भिंतींमध्ये पंख्यावर भागतं. वायरिंग मात्र आधी पूर्ण बदला, कापडी वेष्टणाची जुनी वायर आणि सागवान ही जोडी नको.

आणि दात्यांना विचारा : स्लॅबसाठी देणार होता तीच रक्कम ठेव म्हणून ठेवाल का? दुरुस्ती त्यातल्या काही भागात होईल. उरलेल्या मुदलाला हात लावायचा नाही, व्याजातून दरवर्षीची माती, मजुरी, पन्हाळी, वाळवीचं औषध. देणगीची पाटी एकदाच लागते, माती दरवर्षी लागते.

उमरगेकर

हे पटलं. इंजिनिअरचं लेखी आलं की मी स्वतः येऊन त्या माजघरात बसेन.

कुंभारवेस

एक शंका. नवी पांढरी माती कुठून आणणार? आमच्याकडे पूर्वी ओसाड गावठाणाच्या पांढरीतून बैलगाडीने आणायचे. आजही ट्रॉलीने मिळते.

मोडीवाचक

कृपा करून ती नको. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीचा ढिगारा. शेकडो वर्षांची राख, शेण, पडलेल्या भिंती, खापरं, मणी, नाणी यांचीच ती माती झालेली असते, म्हणून तर माळवदावर ती चांगली बसते. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरसारख्या प्राचीन ठिकाणी अशा पांढरीतून काय काय निघालं ते तिथल्या लामतुरे संग्रहालयात जाऊन बघा. एक वाडा राखायला दुसऱ्या गावाचा इतिहास ट्रॉलीत भरून आणायचा, हे इतिहास मंडळाने तरी करू नये.

चुनावाळू

गरजही नाही. दोन फुटांपैकी दीड फूट माती खाली येणारच आहे. ती चाळा, मुळं आणि खडे काढा, तीच परत वापरा. त्या छपरावर पिढ्यान्‌पिढ्या पाऊस खाऊन तावून-सुलाखून निघालेली माती आहे. चाळताना खापर, मणी काही आलं तर मोडीवाचकांकडे द्या. साठवलेली माती पत्र्याखाली कोरडी ठेवली तर पुढची बरीच वर्षं वरून शिंपायला पुरेल.

बाळीवेस

कालच्या बैठकीत ठरलेलं लिहितो.

स्लॅब नाही. दात्यांशी बोललो. त्यांनी एक दिवस मागून घेतला आणि मग ठेवीला होकार दिला, मुदलाला हात न लावण्याची अट त्यांनीच लेखी मागितली. बक्षीसपत्राला दोन वारस अजून तयार नाहीत, म्हणून तूर्त नोंदणीकृत दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा. सिटीसर्व्हे मसुदा बघणार आहेत. कागद होईपर्यंत कायमचं काम काही करणार नाही. फक्त वजन उतरवणं, टेकू वाढवणं, बोळाकडचं सिमेंट काढणं आणि पावसापुरती वरून ताडपत्री, यालाच वारसांची लेखी संमती घेतली आहे. तुळईचा जोड आणि भिंतींची बांधणी दिवाळीनंतर. अभ्यासिका इंजिनिअरच्या दाखल्यानंतरच.

साखरपेठ, काकूंनी येत्या गुरुवारी संध्याकाळी बोलावलंय. तुमच्याकडच्या कुणी वडीलधाऱ्या असतील तर त्यांनाही आणा, पायऱ्या उंच आहेत, मी दारात थांबतो.

माती उतरवायला रविवारपासून सुरुवात. एका बाजूने सगळी काढायची नाही, दोन्हीकडून सारखी, नाहीतर तुळया तिरक्या होतील असं चुनावाळू यांनी बजावलंय. एका वेळी चारपेक्षा जास्त माणसं वर नकोत, बाकीच्यांनी खाली चाळणीवर. सकाळी सहा ते नऊ, ऊन चढायच्या आत. टोपली-फावडं मंडळाकडे आहे, मातीच्या चाळण्या कमी पडतायत. कुणाकडे असतील तर इथेच कळवा.

साखरपेठ

दोन चाळण्या आहेत, घेऊन येतो. गुरुवारी आईलाही आणतो.